इंजेक्टेबल हायड्रोजेलमध्ये आखूड तंतू: सुईही तुंबते, ताकदही वाढत नाही

प्रश्न
कूर्चेच्या दुरुस्तीसाठी अल्जिनेटच्या (समुद्री शेवाळातून मिळणारा पदार्थ) हायड्रोजेलवर, म्हणजे पाणी धरून ठेवणाऱ्या जेलवर, पीएचडी करतेय. जेल सुईतून छान उतरतं, पण घट्ट झाल्यावर फार ठिसूळ. म्हणून इलेक्ट्रोस्पिनिंगने (विजेच्या दाबाने बारीक तंतू ओढण्याची पद्धत) काढलेली पीसीएलची, म्हणजे पॉलिकॅप्रोलॅक्टोन या प्लास्टिकची, जाळी कात्रीने बारीक कापून मिसळली. तंतू गोळे होऊन वर तरंगतात आणि २१ गेजची सुई तुंबते. प्रमाण कमी केलं की जेल पुन्हा होतं तसंच. जाड सुई नकोय. पेशंटला लहानात लहान छेद पडावा यासाठी तर हा सगळा खटाटोप. काय करू?

उत्तर १
पीसीएल पाण्यापेक्षा जड असतं, घनता १.१४ च्या आसपास. तरी तरंगतंय, म्हणजे तंतू भिजलेच नाहीत, हवा धरून बसलेत. आधी इथेनॉलमध्ये भिजवा, मग हळूहळू पाण्यावर आणा. त्याआधी सौम्य सोडियम हायड्रॉक्साइडमध्ये थोडा वेळ ठेवलंत तर पृष्ठभाग पाणी धरू लागतो. जास्त वेळ मात्र नको, तंतूच झिजतो. ताकदीचा प्रश्नही इथेच आहे: तंतूला जेलची पकड नसेल तर ताण आल्यावर तो नुसता सरकून बाहेर येतो, भार घेतच नाही.

आणि कात्री सोडाच. पीसीएल उणे ६० अंशांपर्यंत मऊच असतं, त्यामुळे कापताना कडा दबून एकमेकींना चिकटतात. द्रव नायट्रोजनमध्ये गोठवून तोडा.

उत्तर २
वरच्याशी सहमत. २१ गेजच्या सुईचं आतलं भोक साधारण अर्धा मिलिमीटर. एक मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग) जाडीचा, शंभर मायक्रॉन लांबीचा तंतू त्यातून आरामात जातो, आणि लांबी जाडीच्या शंभरपट असल्याने भारही पेलू शकतो. सुई तुंबवतात ते न तुटलेले लांब तंतू आणि गोळे, म्हणून गाळून घ्या.

एक विनंती: चाचणीचा नमुना साच्यात ओतू नका, सुईतूनच भरा. सुईतल्या प्रवाहात तंतू एका दिशेला वळतात, ओतलेल्या नमुन्यात ते होत नाही. शिवाय फक्त दाबून पाहू नका, ताणूनही पाहा. तंतूंचा खरा उपयोग ताणात दिसतो.

प्रश्नकर्ती
मनापासून आभार. मी फक्त दाबूनच पाहत होते. आता एक शंका: तंतू नीट भिजले तर जेल घट्ट होईपर्यंत तळाशी बसतील ना?

उत्तर १
इतके बारीक तंतू दाट अल्जिनेटमध्ये फार सावकाश बसतात. तरी जेल घट्ट व्हायला तास लागत असेल तर वरचा आणि खालचा भाग वेगळा कापून तपासा.