मदत हवी आहे: फॉक्सए२ आणि एलएमएक्स१ए हे जीन दोन्ही चालू, पण ईएन१ जीन दिसंना. ह्या पेशी डोपामिनच्याच का?

नमस्कार मंडळी, मी निपाणीचा, बेळगावात एमएस्सी बायोटेकच्या शेवटच्या वर्षाला हाय. स्टेम सेलपासून डोपामिनचे न्यूरॉन होताना कुठला जीन कधी चालू होतो हा प्रोजेक्ट घेतलाय. आमच्याकडं पेशी वाढवायची सोय नाही, म्हणून नेटवर खुला असलेला आरएनए डेटा घेऊन बघायलोय.

विषय मुद्दाम घेतला. आजोबांना पार्किन्सन हाय (ह्यात डोपामिनचे न्यूरॉनच मरतात), उभी हयात तंबाखूच्या वखारीत गेली त्यांची, आता चहाची कपबशी हातात ठरत नाही आणि लेवोडोपाच्या गोळीचा असर उतरला की उंबऱ्यापाशीच पाय अडतोय.

मला समजलंय ते असं: आधी स्मॅडचे (पेशीत निरोप पोचवणारी प्रथिनं) दोन्ही रस्ते बंद करायचे, म्हणजे पेशी मज्जासंस्थेच्या वाटेला लागते. मग एसएचएच (सॉनिक हेजहॉग) प्रथिनाचा सिग्नल दिला की फ्लोअर प्लेट, म्हणजे गर्भातल्या मज्जानलिकेचा तळ, बनते, फॉक्सए२ चालू होतो. सोबत चिर हे रसायन, ते जीएसके३ ह्या एन्झाइमला अडवतं, बीटा-कॅटेनिन प्रथिन साठून केंद्रकात जातं आणि डब्ल्यूएनटी ह्या सिग्नलचे जीन उघडतात. इथंच सगळी गोम हाय बघा, चिर कमी पडलं तर पेशी पुढच्या मेंदूकडं सरकते, जास्त झालं तर मागच्या, आणि आपल्याला पाहिजे मधला. पुढं नर१ (NURR1) जीन आणि मग टीएच, म्हणजे टायरोसिनपासून एल-डोपा करणारं एन्झाइम.

आता अडलंय कुठं, तर १६व्या दिवसाच्या नमुन्यात फॉक्सए२, एलएमएक्स१ए, ओटीएक्स२ तिन्ही भरपूर, पण मधल्या मेंदूची खूण असलेला ईएन१ जवळजवळ नाहीच. मी खुशीत 'डोपामिनचे प्रोजेनिटर' (न्यूरॉन व्हायच्या आधीच्या पेशी) लिहून टाकलं होतं, नंतर वाचलं की सबथॅलॅमिक न्यूक्लियसच्या (मेंदूतला खोलवरचा दुसराच भाग) प्रोजेनिटरमध्येही हे तिन्ही सापडतात आणि ते न्यूरॉन तर ग्लुटामेटचे. म्हणजे मी चुकीच्याच पेशींना डोपामिनचं नाव दिलं काय? बारहल१ आणि पिटएक्स२ हे त्या न्यूक्लियसच्या खुणेचे जीन बघून फरक लागेल असं वाटतंय, बरोबर हाय का?

दुसरं, नंतरच्या दिवसांत टीएच दिसलं तरी तेवढ्यावर विश्वास ठेवू नये ना? हायपोथॅलॅमसमध्येही टीएच असतं, नॉरॲड्रेनालिनच्या पेशींतही असतं. नर१, पिटएक्स३, ईएन१ सगळे एकाच पेशीत मिळाले तरच धरायचं, की आणि काय बघायचं?

कुणी असला डेटा हाताळला असेल तर जरा सविस्तर सांगा, सोमवारी गाईड मॅडमना दाखवायचाय. कानडीत लिहिलं तरी चालतंय, वाचता येतं मला.