सोसायटीची करवत चालू होईना

देशमुख काकू (बी-१०१): रात्रीच्या वळवाने गुलमोहराची फांदी बी विंगच्या पार्किंगवर आडवी पडलीये. गाडी आत अडकली. ह्यांची ११ ला डोळ्यांच्या डॉक्टरांची वेळ आहे. कमिटी झोपली आहे का?

साठे सेक्रेटरी: काकू, रोहन आणि वॉचमन पेट्रोलवरची चेनची करवत घेऊन खालीच आहेत. थोडं सहकार्य करावे ही विनंती 🙏

देशमुख काकू: सहकार्यच करतेय. तासाभरापासून नुसता दोरी ओढल्याचा आवाज ऐकतेय.

रोहन (बी-३०३): चालूच होत नाहीये. खांदा गेला माझा.

कर्वे काका (सी-२०३): झाडाला हात लावण्याआधी महापालिकेच्या वृक्ष अधिकाऱ्याची परवानगी घेतली आहे का? १९७५ चा कायदा आहे.

नेहा (सी-४०१): काका, फांदी परवानगी न घेताच पडली 😂

जगताप (ए-४०२): रोहन, मागच्या हँडलजवळचं बटण बघ. स्टॉपवर असेल तर उद्यापर्यंत ओढत बसशील.

रोहन: ते बरोबर आहे काका. चोकपण लावलाय.

जगताप: चोक लावूनच ओढतोयस मघापासून?

रोहन: हो.

जगताप: मग ओव्हर झालंय. प्लग काढ, पेट्रोलने ओला असणार.

शिंदे (सी-४०१): आम्ही चेतक तिरपी करायचो. एका किकमध्ये चालू!

जगताप: शिंदेसाहेब, ही तिरपी केली तर पेट्रोल रोहनच्या चपलेत जाईल.

जगताप: रोहन, बटण बंद कर. प्लग पुसून वाळव. चोक काढ, प्लगच्या भोकावर फडकं धर, तोंड लांब ठेव आणि सात-आठ वेळा दोरी ओढ. आतलं पेट्रोल उडून जाईल. जवळ कुणी सिगारेट ओढत असेल तर आधी हाकल.

नेहा: बाबा, तुम्हाला म्हणतायत. मला गॅलरीतून दिसतंय.

शिंदे: मी फक्त बघायला आलो होतो.

कर्वे काका: परवानगीबद्दल कुणी उत्तर दिलेले नाही.

साठे सेक्रेटरी: कर्वेसाहेब, उभं झाड तोडत नाही आहोत. पडलेली फांदी बाजूला करतोय.

रोहन: प्लग ओलाच होता. वाळवून लावला. एकदा भुर्र झालं आणि मेलं.

जगताप: म्हणजे ठिणगी येतेय. टाकीतलं पेट्रोल कधीचं?

रोहन: गेल्या पावसाळ्यातलं असणार. वास व्हॉर्निशसारखा येतोय.

जगताप: डब्यात काढ सगळं. गटारात ओतू नकोस. हल्लीच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं, ते हवेतलं पाणी धरतं. वर्षभरात कार्बुरेटरच्या बारीक भोकांत चिकटा बसतो. ठेवताना टाकी रिकामी करून मशीन आपोआप बंद पडेपर्यंत चालवायचं, हे मी तेव्हाच म्हणालो होतो.

पाटील खजिनदार: मीटिंगमध्ये असं काही ऐकल्याचं आठवत नाही.

जगताप: तुम्ही ढोकळ्याचं बिल लिहीत होता.

रोहन: माझ्या बाईकचं पेट्रोल काढून घालू?

जगताप: नुसतं अजिबात नको!! टू स्ट्रोक आहे ते. पेट्रोलात मिसळलेल्या ऑईलवरच पिस्टन चालतो, नाहीतर जाम होईल. आपल्या पुस्तकात ५० ला १ दिलंय, म्हणजे लिटरला २० मिली टू-टी, म्हणजे टू स्ट्रोकचं ऑईल. चेनचं ऑईल वेगळं, त्याची टाकी वेगळी. आणि एअर फिल्टर उघडून बघ.

रोहन: फिल्टर भुशाने गच्च भरलाय 😳

देशमुख काकू: गेल्या वर्षी तर आपण अशोकाची एकच फांदी कापली. एवढा भुसा कुठला?

नेहा: 👀

पाटील खजिनदार: मी दिवाळीनंतर दोन दिवस मशीन गावाला नेली होती. रजिस्टरमध्ये नोंद आहे. आरोप करण्याआधी वाचावे.

देशमुख काकू: मी कुणाचं नाव घेतलं का?

साठे सेक्रेटरी: कृपया विषयावर राहू या.

आपटे (बी-२०२): शुभ सकाळ 🌹 हसत रहा, निरोगी रहा.

जगताप: रोहन, आता नीट. जमिनीवर ठेव, चेनचा ब्रेक लाव, उजवा पाय मागच्या हँडलमध्ये, डाव्या हाताने पुढचं हँडल दाब. चोक पूर्ण. भुर्र झालं की लगेच चोक अर्ध्यावर, मग परत ओढ. हातात लटकवून झटके देऊ नकोस.

रोहन: झाली चालू!!!

नेहा: चौथ्या मजल्यावरही कळलं.

कर्वे काका: लेखी परवानगीशिवाय काम सुरू केल्याची मी नोंद घेत आहे.

रोहन: काका, कापतच नाहीये. नुसता धूर निघतोय.

जगताप: फोटो टाक.

जगताप: चेन उलटी बसवलीये! पट्टीच्या वरच्या बाजूला दातांची धार टोकाकडे हवी. बंद कर, हातमोजे घाल, फिरवून लाव. शेवटची कुणी काढली होती ती?

पाटील खजिनदार: मी नेली तेव्हा अशीच होती.

जगताप: अशीच असती तर तो भुसा पडला नसता पाटील.

साठे सेक्रेटरी: हा विषय मीटिंगमध्ये घेऊ.

रोहन: कापली. रस्ता मोकळा आहे काकू.

देशमुख काकू: थँक्यू रे बाळा, निघालो आम्ही. पण ते ओंडके माझ्या खिडकीखाली का रचलेत? ए विंगपुढे जागा नाही का?