पाइपातल्या गॅसला ‘स्वच्छ’ म्हणायचं, तर तो निघतो कुठून तेही बघा

चाळकरी, गिरगाव
सिलिंडर जाऊन पाइप आला आणि आपण पर्यावरणाची सेवा करतोय असं सगळ्यांना वाटायला लागलं. मार्च २०१८ मध्ये गेल या सरकारी गॅस कंपनीनं अमेरिकेतून आणलेल्या एलएनजीचं, म्हणजे थंड करून द्रव केलेल्या गॅसचं, पहिलं जहाज दाभोळला लागलं, लुइझियानातल्या सबीन पास बंदराहून. अमेरिकेतला बहुतेक गॅस आज फ्रॅकिंगनं काढतात. दोन-तीन किलोमीटर खोल भोक पाडायचं, तिथून आडवं वळायचं आणि पाणी, वाळू, रसायनं जबर दाबानं घुसवून शेल नावाच्या, गॅस धरून ठेवणाऱ्या खडकाला तडे पाडायचे. एकेका विहिरीला कोट्यवधी लिटर पाणी लागतं. त्यातलं जे परत वर येतं ते समुद्राहून खारट, कधी कधी किरणोत्सारी रेडियमसकट. पेनसिल्व्हेनियात डिमॉक गावी पाण्याच्या घरगुती विहिरींत मिथेन, म्हणजे हाच गॅस, शिरला, १ जानेवारी २००९ ला त्यातली एक विहीर चक्क फुटली. माझं म्हणणं सरळ आहे: असला गॅस आपण घेऊ नये.

सीएनजीवाला
घेऊ नये म्हणजे जाळायचं काय, कोळसा? डिझेलच्या काळ्या धुरातली मुंबई विसरलात वाटतं. आणि तुमच्या शेगडीतला गॅस मुख्यतः आपल्याच समुद्रातला. मुंबई हाय १९७४ ला सापडलं, गॅस उरणला किनाऱ्यावर येतो. त्यात शेल नाही, फ्रॅकिंग नाही. घरगुती गॅस आणि सीएनजीला देशी गॅस आधी मिळतो. अमेरिकेचंच बघा, कोळशाची वीजकेंद्रं बंद होऊन गॅस आला आणि वीजक्षेत्राचा कार्बन बराच घटला.

चाळकरी, गिरगाव
आधी मिळतो, पुरेसा मिळत नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये देशी गॅसचा कोटा कापला, मग सीएनजी महागला तो उगीच? तूट आयातीनं भरतात.

ड्रिलिंगवाला, निवृत्त
दोघांनीही जरा दम खा. डिमॉकला तडे वरपर्यंत आले नव्हते, ते खडक फार खाली असतात. घोटाळा गॅसच्या विहिरीच्या बांधणीत होता. भोकात पोलादी नळी, म्हणजे केसिंग, सोडतात आणि केसिंग व खडक यांच्या फटीत सिमेंट पंप करतात. त्या सिमेंटमध्ये बोटभर पोकळी राहिली तरी गॅस तिथून वर सरकतो आणि पाण्याचा थर गाठतो. म्हणून सिमेंट नीट धरलंय का, हे आत यंत्र सोडून तपासतात. कंत्राटदार घाईत असला की हीच तपासणी उरकतात. अमेरिकेच्या ईपीए या सरकारी पर्यावरण संस्थेनं २०१६ मध्ये म्हटलं ते एवढंच की काही परिस्थितींत पिण्याच्या पाण्यावर परिणाम होऊ शकतो. सरसकट सगळीकडे होतो असं नाही.

चाळकरी, गिरगाव
अहो साहेब, मग हे माझ्याच बाजूचं झालं की! हजारो विहिरी, प्रत्येकीत सिमेंट, आणि त्यातली किती घाईत उरकलेली? वर अमेरिकेच्या २००५ च्या कायद्यानं फ्रॅकिंगला पिण्याच्या पाण्याच्या नियमांतून मोकळं सोडलं, फक्त डिझेल वापरलं तर तेवढं अडवलं.

साताऱ्याची माहेरवाशीण, डोंबिवली
भूकंपाचं कुणीच बोलत नाहीये. ११ डिसेंबर १९६७ चा कोयनेचा भूकंप आमच्या घरी अजून निघतो. धरणाच्या पाण्याचा दाब खडकातल्या भेगांत पोचतो आणि अडकलेली भेग सटकते. ते समजून घ्यायला कराडजवळ तीन किलोमीटर खोल भोक पाडलं. अमेरिकेत ओक्लाहोमात तेच घडलं. तेल-वायूच्या विहिरींतलं खारं पाणी खोल जमिनीत कोंबत राहिले आणि सप्टेंबर २०१६ मध्ये पॉनीला ५.८ चा धक्का बसला. इंग्लंडात लँकेशायरला तर खुद्द फ्रॅकिंगनंच २.९ चा धक्का दिला, मग नोव्हेंबर २०१९ मध्ये सरकारनं ते थांबवलं.

सीएनजीवाला
काकू, २.९ चा धक्का म्हणजे घरात कपबशी वाजली. कोयनेशी तुलना करू नका.

साताऱ्याची माहेरवाशीण, डोंबिवली
यंत्रणा तीच आहे म्हटलं, आकडा नव्हे. वाचा परत.

शहापूरकर
आपल्याकडे २०१३ मध्ये ओएनजीसीनं गुजरातेत जंबुसरला शेलची विहीर खणली, २०१८ मध्ये सरकारनं बाकी कंपन्यांनाही वाट मोकळी केली. करा, पण पाणी कुठलं? तानसा, भातसा, वैतरणा आमच्या तालुक्यात, पाणी तुमच्या नळाला, आणि एप्रिलपासून आमच्या पाड्यांवर टँकर. मुंबईकरांनी पाण्यावर बोलताना जरा जपून.

ड्रिलिंगवाला, निवृत्त
हा मुद्दा खरा. भूकंपापेक्षा, डिमॉकपेक्षाही मला गळतीची धास्ती आहे. मिथेन २० वर्षांच्या हिशेबात कार्बन डायऑक्साइडच्या ऐंशीपटीहून जास्त तापवतो. विहिरीपासून वीजकेंद्रापर्यंत साधारण तीन टक्के गॅस निसटला तर कोळशावरची सरशी संपते. एलएनजी करायला उणे १६२ अंशांपर्यंत थंड करायचा, त्याची ऊर्जा वेगळीच. अमेरिकेतली गळती काही तिथल्या सरकारी आकड्यांपेक्षा बरीच जास्त निघालीय.

सीएनजीवाला
बरं, मग रिक्षावाल्याला काय सांगू? लुइझियानात गळतंय, उद्यापासून गाडी बंद?

चाळकरी, गिरगाव
रिक्षावाल्याला कशाला? गेलला सांगा. सबीन पासचा करार २०११ मध्ये झाला, तोही २० वर्षांचा. पुढचा करार करताना मोजलेली गळती दाखव म्हणायचं. युरोपनं २०२४ मध्ये आयातदारांसाठी तसा कायदा केलाच आहे.

ड्रिलिंगवाला, निवृत्त
मोजायची साधनं आहेत, इन्फ्रारेड कॅमेऱ्यात गळणारा मिथेन धुरासारखा दिसतो. पण त्या अटीपायी गॅस दोन पैसे महागला, तर तो भार पंपावरचा सीएनजीवाला उचलणार का, ते त्यालाच विचारा.

सीएनजीवाला
दोन पैसे चालतील. दोन रुपये म्हणाल तर भांडण आहे.