‘एटिकेट’ हा शब्द खरंच बागेतल्या पाटीवरून आला का?

सांगलीकर_बाबा
मंडळी, मुलीच्या शाळेत ‘एटिकेट’वर चार शब्द बोलायचे आहेत. एक गोष्ट सगळीकडे सापडते: फ्रान्समधल्या व्हर्साय राजवाड्याच्या माळ्याने ‘हिरवळीवर चालू नका’ अशा पाट्या लावल्या, राजा 14व्या लुईने दरबाऱ्यांना त्या पाळायला लावल्या आणि शब्द रूढ झाला. पोरांना सांगू का?

फ्रेंचच्या_बाई
नका सांगू. मी फ्रेंच शिकवते, दर बॅचला ही गोष्ट कुणीतरी घेऊन येतंच, आणि प्रत्येकाला मी पोटतिडकीने हेच सांगते. लुईचा दरबार व्हर्सायला कायमचा हलला 1682 मध्ये. त्याच्या आधीच, 1651 मध्ये, स्पेनच्या राजवाड्याची जी नियमावली तयार झाली, तिच्या नावातच ‘एतिकेतास’ आहे. म्हणजे दरबारी रीत हा अर्थ माळ्याची वाट बघत थांबला नव्हता.

मूळ अर्थ साधा आहे: चिकटवलेली चिठ्ठी. जुन्या फ्रेंचमध्ये ‘एस्तिकिए’ म्हणजे खोचणे, अडकवणे. इंग्रजी ‘स्टिक’ त्याच कुळातलं. तेव्हा कोर्टाची कागदपत्रं पिशवीत ठेवत आणि आत कोणता खटला आहे ते वर चिठ्ठी लावून लिहीत. ती चिठ्ठी म्हणजे ‘एतिकेत’. आजही फ्रान्सच्या सुपरमार्केटात सफरचंदं काट्यावर ठेवून बटण दाबलं की किमतीचा जो चिकट कागद बाहेर येतो, त्याला हाच शब्द आहे. शिष्टाचाराच्या अर्थाने इंग्रजीने तो उचलला 18व्या शतकाच्या मध्यावर. शब्दाचा हा खरा प्रवास त्या गोष्टीपेक्षा कितीतरी सुंदर आहे, पोरांना तोच सांगा.

शब्दवेडा
बाईंना अनुमोदन. आणि ‘तिकीट’ विसरू नका! तेही याच फ्रेंच शब्दातून इंग्रजीत आलं, दोनेकशे वर्षं आधी, आणि मग आपल्याकडे.

सांगलीकर_बाबा
म्हणजे एसटीचं तिकीट आणि एटिकेट सख्खी भावंडं? मग सुरुवात तिथूनच करतो, पोरं रोज एसटीनेच येतात.

फ्रेंचच्या_बाई
जरूर करा. पोस्टाचं तिकीटही न्या. आपण मराठीत स्टँपला तिकीट म्हणतो, आणि ते तर खरोखरच चिकटवायचं असतं. पाकिटावर लावून दाखवा, मूळ अर्थ वेगळा समजवावा लागणार नाही.