येशू 'झाला' की आधीपासून 'होता'? 'ज्येष्ठ' या शब्दावर अडकलेय

भांडुपची_लेक
जय ख्रिस्त सगळ्यांना. प्रश्न जरा मोठा आहे, सांभाळून घ्या.

आमच्या बिल्डिंगमध्ये दर शनिवारी दोन बायका येतात, यहोवाच्या साक्षीदार आहेत (येशूला देव न मानणारा पंथ), बोलायला खूप गोड, मराठी पण छान. आई होती तेव्हा ती दारातूनच नमस्कार करून पाठवायची, आई गेल्यापासून मी त्यांना आत घेते, खरं सांगायचं तर घरात कोणी बोलायला असलं की बरं वाटतं. तर गेल्या शनिवारी त्यांनी बायबलमधलं कलस्सै 1:15 उघडून दाखवलं, 'तो सर्व उत्पत्तीत ज्येष्ठ आहे'. म्हणाल्या ज्येष्ठ म्हणजे पहिला जन्मलेला, म्हणजे देवाने त्याला सगळ्यात आधी बनवलं, म्हणजे तो देव नाही. मी गप्प बसले. लहानपणापासून संडे स्कूलला गेलेय, नाताळला नाटकात मरिया पण झालेय, आणि मला एक उत्तर देता आलं नाही.

वर ऑफिसमधली मैत्रीण लोकलमध्ये म्हणते, अगं तुमचा येशू म्हणजे आमच्या कृष्णासारखा अवतारच ना, त्यात एवढं काय. ती प्रेमानेच म्हणते. पण एकीकडे 'देव नाहीच' आणि दुसरीकडे 'अनेकांतला एक', मी मध्ये.

मला वादात जिंकायचं नाहीये. आई आयसीयूत होती त्या 9 रात्री मी बाहेरच्या बाकड्यावर बसून येशूलाच हाक मारत होते. तो जर बनवलेला असेल तर मी कोणाला हाक मारत होते, एवढंच मला कळायला हवंय.

गिरगावचा_जुना_वाचक
बेटा, आधी तुझ्या शब्दाचं बघू. 'ज्येष्ठ' आपल्याकडे सुद्धा नेहमी वयाने पहिला असा नसतो, मानाचा असतो. स्तोत्र 89:27 काढ, तिथे देव दाविदाबद्दल म्हणतो की मी त्याला ज्येष्ठ करीन. दावीद तर इशायाचा सगळ्यात धाकटा मुलगा! म्हणजे ज्येष्ठपण हा हक्क आहे, वारस म्हणून अधिकार. आणि कलस्सैतली 16वी ओवी सोडू नकोस, ती लगेच पुढे आहे आणि 'कारण' ने सुरू होते: आकाशातलं पृथ्वीवरचं सगळं त्याच्यामध्ये निर्माण झालं. त्या बायकांच्या बायबलमध्ये तिथे 'इतर सगळं' असं असेल बघ. मूळ ग्रीकमध्ये 'इतर' ला शब्दच नाही. तो घातला तर येशू निर्मितीत येतो, काढला तर निर्मितीच्या बाहेर उभा राहतो, सगळा वाद त्या एका शब्दावर आहे.

आता मला सगळ्यात आवडतं ते. योहान 1 मराठीत मोठ्याने वाच. 'प्रारंभी शब्द होता'. मग 3 मध्ये सर्व काही त्याच्याद्वारे 'झाले'. 14 मध्ये 'शब्द देही झाला'. होता आणि झाला, दोन वेगळी क्रियापदं, आणि ग्रीकमध्येही अगदी असाच फरक ठेवलाय. जग झालं. देह झाला. शब्द मात्र झाला नाही, तो होता. आणि 8:58 ला येशू स्वतः म्हणतो, 'अब्राहाम झाला त्याच्या पूर्वी मी आहे'. होतो नाही म्हणत, आहे म्हणतो. ऐकणाऱ्यांनी दगड उगाच उचलले नाहीत.

शोधतोय_अजून
मी थोडं उलट बोलतो, राग मानू नका, मी स्वतः चर्चमध्येच वाढलोय. ओव्या तुमच्या बाजूच्या तेवढ्या काढल्या, बाकीच्यांचं काय? योहान 14:28, पिता माझ्यापेक्षा थोर आहे. 17:3 ला पित्याला एकच खरा देव म्हटलंय. मार्क 13:32 ला तो दिवस पुत्रालाही ठाऊक नाही. देवाला काही माहीत नाही असं कसं होईल? आणि योहान 1:1 च्या शेवटी ग्रीकमध्ये देव शब्दाच्या आधी ते आर्टिकल (इंग्रजीतल्या the सारखं) नाही, म्हणून साक्षीदार 'एक देव' असं भाषांतर करतात. चौथ्या शतकात आरियसने हेच विचारलं होतं ना, मग त्याला गप्प का केलं, सम्राटाच्या जोरावरच ना?

गोराईकर
प्रश्न बरोबर आहे, म्हणून नीट लिहितो. आम्ही ईस्ट इंडियन, म्हणजे मुंबईचे मूळचे कॅथलिक, आमच्या गावठाणात मिस्सेला (चर्चमधल्या उपासनेला) दर रविवारी निकेयाचा विश्वासांगीकार, म्हणजे निकेयाच्या धर्मसभेतून आलेली विश्वासाची कबुली, म्हणतात आणि कितीतरी वर्षं मी तो पाठ केल्यासारखा म्हणायचो, अर्थ कळला तो उशिरा.

आरियस अलेक्झांड्रियाचा प्रिस्ट, त्याचं म्हणणं 'एक काळ होता जेव्हा पुत्र नव्हता'. तो वाईट माणूस होता असं मी म्हणणार नाही, देव एकच राहावा हीच त्याची काळजी होती. 325 ला सम्राट कॉन्स्टंटाइनने निकेयाला बिशपांना बोलावलं हे खरं, पण सम्राटाच्या जोराने वाद मिटला हे खरं नाही, उलट नंतरचे सम्राट आरियसच्या बाजूचे निघाले. आरियसचा विरोधक अथनासियस, जो निकेयाला साधा डिकन (प्रिस्टच्या खालचा सेवक) म्हणून गेला होता, त्याला बिशप झाल्यावर 5 वेळा हद्दपार केलं, सगळी मिळून 17 वर्षं बाहेर. राजाच्या मर्जीवर असतं तर आज आपण सगळे आरियसचंच म्हणत असतो. 381 ला बिशपांना कॉन्स्टँटिनोपलला पुन्हा बसावं लागलं.

अथनासियसचा मुद्दा भांडुपच्या ताईंच्या बाकड्यावरचाच आहे. बनवलेला कोणी मला देवापर्यंत नेऊ शकत नाही, कारण तो स्वतःच अलीकडच्या काठावर. आणि बनवलेल्याची उपासना करायची तर ती मूर्तिपूजाच झाली. म्हणून विश्वासांगीकारात 'जन्मलेला, घडवलेला नाही'. सुतार खुर्ची घडवतो, खुर्ची सुतार नसते. मुलगा मात्र बापाच्याच जातीचा असतो. फक्त इथे आधी-नंतर नाही, जसा दिवा लागला की उजेड त्याच क्षणी.

आर्टिकलचं म्हणाल तर त्याच अध्यायात 6, 12, 13 आणि 18 ला पण देव शब्द आर्टिकलशिवाय आहे, तिथे कोणी 'एक देव' करत नाही.

'पुत्रालाही ठाऊक नाही' हे मात्र मी झटकून टाकणार नाही. लूक 2:52 ला तो ज्ञानाने वाढला असंही आहे. तो खरोखर माणूस झाला, माणसाची भूक, माणसाचं शिकणं, माणसाची मर्यादा. फिलिप्पै 2 ला 'स्वतःला रिक्त केले' आहे. 451 ला खाल्सेदोनच्या धर्मसभेत ठरलं की एकच ख्रिस्त, पूर्ण देव आणि पूर्ण माणूस, दोन्हींची सरमिसळ नाही आणि फारकतही नाही. हे कसं ते मला डोक्यात पूर्ण बसत नाही, पण एक बाजू कापून ते सोपं करायला मी तयार नाही.

केडगावची_वाट
ताई, तुम्ही गप्प बसलात याचं वाईट वाटून घेऊ नका. पंडिता रमाबाईंनी 1883 मध्ये इंग्लंडला वाँटेजला बाप्तिस्मा घेतला आणि त्यानंतर तिथल्या नन सिस्टर जेराल्डिन आणि शिक्षिका डोरोथिया बील यांच्याशी पत्रांतून नेमका हाच वाद घातला, ख्रिस्ताचं देवपण, त्रैक्य (पिता, पुत्र, पवित्र आत्मा मिळून एकच देव), सगळं. कोणी सांगितलं म्हणून मानणार नाही, शास्त्रात दाखवा असा त्यांचा हट्ट. त्याच बाईने पुढे हिब्रू आणि ग्रीक शिकून अख्खं बायबल सोप्या मराठीत आणलं आणि 1922 ला जाण्याआधी ते पुरं केलं. प्रश्न विचारणारीचा विश्वास कच्चा असतो असं मला कोणी सांगितलं की मी रमाबाईंचं नाव घेते.

अवताराबद्दल. मैत्रिणीला तोडू नका, देव खाली येतो हे तिला आधीच माहीत आहे, ही मोठी गोष्ट आहे. पण आपण मराठीत 'देहधारण' म्हणतो ते का, तर अवताराचं काम झालं की रूप संपतं, पुढच्या युगात दुसरं. येशूने देह घेतला तो परत टाकला नाही. पुनरुत्थानानंतर थोमाला खिळ्यांच्या खुणा दाखवल्या, आणि थोमा म्हणाला 'माझा प्रभू व माझा देव'. येशूने त्याला अडवलं नाही. देवाच्या उजवीकडे आज जखमा असलेला माणूस बसलाय, हे मला अजूनही वाचताना गहिवरून येतं.

भांडुपची_लेक
रात्री दीड वाजता हे सगळं वाचलं आणि योहान 1 मोठ्याने वाचला, होता आणि झाला, इतकी वर्षं डोळ्यासमोर होतं. शोधतोय_अजून, तुमचे पण आभार, मार्कची ओवी मला अजून टोचते आणि गोराईकर काकांनी ती झटकली नाही म्हणून बरं वाटलं. शनिवारी त्या बायका 11 ला येतील. चहा ठेवेन, आणि पहिल्यांदा मी विचारणार, ते 'इतर' कुठून आलं.