प्रतिसाद: पनामा मर आणि बुरशीनाशक

वर कोणीतरी विचारलंय की केळीच्या पनामा मर रोगावर बुरशीनाशकाची आळवणी (मुळाशी औषध ओतणं) का चालत नाही. या रोगाची बुरशी मुळांतून आत शिरून पाणी वाहणाऱ्या नळ्याच बंद करते आणि तिचे जाड कवचाचे बीजाणू जमिनीत 20 वर्षांहून अधिक तग धरतात. त्यामुळे आळवणीने किंवा दोन-तीन वर्षं पीक बदलूनही ती जात नाही.

खरी लढाई मातीच्या वाहतुकीशी आहे. बूट, कुदळ, टायर आधी ब्रशने घासून माती पूर्ण काढा, मगच जंतुनाशकात बुडवा. चिखल राहिला तर औषध त्यातच निकामी होतं, आणि नेमकी हीच पायरी गाळली जाते. रोगट झाड उपटू नका, भोवती कुंपण घाला. मुनवे (झाडाच्या बुडाशी फुटणारी पिल्लं) शेजाऱ्याला देणं थांबवा, ऊतिसंवर्धित (टिश्यू कल्चरची) रोपंच लावा. तैवानने निवडलेले कॅव्हेंडिश या केळीच्या गटातले सहनशील वाण उपयोगी आहेत, पण पूर्ण प्रतिकारक नाहीत.