प्रतिसाद: कॅचरचं करिअर
बेसबॉलमध्ये बॅटरच्या मागे उकिडवा बसून बॉल झेलणारा कॅचर गुडघे जातात म्हणून लवकर संपतो, हे वरच्या पोस्टमध्ये लिहिलंय ते खरंच आहे, पण डोक्याला बसणाऱ्या माराचं कुणीच बोललं नाही. मिनेसोटा ट्विन्स टीमचा ज्यो माउअर बघा, कॅचर असून अमेरिकन लीगमध्ये (तिथल्या दोन मोठ्या लीगपैकी एक) तीनदा बॅटिंग टायटल, म्हणजे लीगमधल्या सर्वात जास्त बॅटिंग सरासरीचा मान (2006, 2008, 2009), आणि ऑगस्ट 2013 मध्ये बॅटला चाटून आलेला बॉल मास्कवर बसला, कन्कशन (मेंदूला मार) झालं आणि 2014 पासून त्याला कॅचरची जागा सोडून फर्स्ट बेसवरच (पहिल्या बेसजवळची फील्डिंगची जागा) खेळावं लागलं. मास्कने चेहरा वाचतो हो, आत मेंदूला हादरा बसतोच. 2018 च्या शेवटच्या मॅचला नवव्या इनिंगमध्ये पुन्हा पॅड, मास्क चढवून तो एकाच पिचपुरता (टाकलेल्या एका बॉलपुरता) प्लेटमागे, म्हणजे कॅचरच्या जागी बसला, अख्खं स्टेडियम उभं, ते बघून मला भरून आलं. 2024 ला बेसबॉलच्या हॉल ऑफ फेममध्ये (दिग्गज खेळाडूंच्या मानाच्या यादीत) गेला, अगदी हक्काने.